पंचवीस माणसांतलं लग्न आणि पुढे गेलेली परीक्षा

(मे २०२१, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतलं पत्र आणि उत्तर. त्यातले नियम, दर आणि तारखा तेव्हाच्या आहेत.)

ताई, नमस्कार.

मी २४ वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बीएस्सी झाल्यावर पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करते. पीएसआय व्हायचंय. गेल्या वर्षी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावी आले, दिवाळीनंतर परत गेले, आता एप्रिलपासून पुन्हा गावी. ११ एप्रिल २०२१ ची संयुक्त पूर्व परीक्षा दोन दिवस आधी पुढे ढकलली, नवी तारीख नाही. अर्धी पुस्तकं पुण्यातच राहिली. घरात दोन खोल्या, माणसं सहा. स्मार्टफोन माझा एकटीचा, त्यावरच धाकट्या भावाची शाळा. रेंज मारुतीच्या पारापाशी येते, पण तिथं मुलगी उभी राहिली की संध्याकाळपर्यंत घरी विचारणा होते. रात्री तीनपर्यंत झोप नाही, सकाळी दहाला उठते, त्यावरून बोलणी खाते. पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही. पाडव्यानंतर चार दिवसांनी माझी मावशी कोरोनाने गेली. अक्षय तृतीयेला स्थळ आलं. मुलगा जालन्याचा, बँकेत आहे. आप्पा म्हणतात, २५ माणसांत, दोन तासांत होतंय, मृगाच्या आधी उरकून टाकू. सगळं उघडल्यावर पाचशे पानं उठवायची ऐपत नाही. आईही त्यांच्याच बाजूची झालीय. मी आळशी झालेय का? हो म्हणून मोकळी होऊ का? कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. आमच्या गल्लीत नववीतल्या मुलीचंही असंच ठरलंय, म्हणजे सगळ्यांकडे हेच चाललंय.

– र., जि. बीड

*

प्रिय र.,

‘सकाळ होऊच नये’ असं तू लिहिलंस, आणि लगेच गल्लीतल्या मुलीच्या लग्नाकडे वळलीस. मला मात्र त्या वाक्यावरून पुढे जाता येईना, म्हणून आधी तेच. उठल्यावर पुन्हा तीच बोलणी, तोच दिवस, तो नको, एवढंच तुला म्हणायचं असेल, तर त्याबद्दल पुढे बोलूच. पण जीव नकोसा झालाय, तो द्यावा असं मनात येत असेल, तर हे वाचून झाल्या झाल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांग. मैत्रीण, भाऊ, आई, कुणीही चालेल. घरात बोलणं शक्य नसेल तर ‘किरण’ हेल्पलाइन आहे, १८००-५९९-००१९ (आता तिच्या जागी ‘टेलि-मानस’, १४४१६). पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. साध्या फोनवरूनही लागते, त्यामुळे नेटच्या रेंजसाठी पारावर जायला नको. तुमच्या बीडसह मराठवाडा-विदर्भातल्या जिल्ह्यांत आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प शेतकरी कुटुंबांसाठीच चालतो, तिथले समुपदेशक १०४ वर मिळतात. फोन करायला खूप काही बिघडलेलं असावं लागतं असं नाही. तीन-तीन वाजेपर्यंत झोप न लागणं एवढं कारण पुरेसं आहे.

आता मावशी. तिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस आणि त्याच्या पाठोपाठ स्थळाचं. वाचताना मला वाटलं की ही दोन वाक्यं एकमेकांना लागूनच आली आहेत, तुझ्या लक्षात आलं नसेल तरी. तुझी आई कालपरवापर्यंत तुझ्या पुण्याला जाण्याच्या बाजूची होती ना? पत्रात तू ‘आईही त्यांच्याच बाजूची झालीय’ असं लिहिलंस. ‘झालीय’, म्हणजे आधी नव्हती. एप्रिल-मेमध्ये तिच्या आयुष्यात काय घडलं? बहीण गेली. या लाटेत गेलेल्या माणसांचं घरच्यांना शेवटचं तोंडही धड पाहता आलेलं नाही. दहावा-तेरावा झाला तरी चार माणसांत, कुणी गळ्यात पडून रडायला आलं नाही. सख्खी बहीण अशी गेल्यावर बाईच्या मनात पहिला विचार हाच येतो की उद्या मलाच काही झालं तर माझ्या लेकीचं कोण बघणार. तिला तुझ्या लग्नाची घाई झालीय त्यात मला तरी ही भीतीच जास्त दिसते. अशी भीती या दीड महिन्यात किती आयांनी बोलून दाखवलीय, आणि घाईघाईने किती पोरींची लग्नं लागलीत, हे तुझ्याच गावात मोजून बघ.

म्हणून आईशी परीक्षेवर वाद घालू नकोस. परीक्षा हा तिचा प्रश्नच नाहीये सध्या. आधी तिच्याजवळ बस आणि मावशीबद्दल बोल. मावशीचं बोलणं, तिच्या हातचं काय आवडायचं, तुम्ही लहान असताना सुट्टीत तिच्याकडे जायचात ते दिवस. रडू येईल, दोघींनाही. येऊ दे. ते एप्रिलमध्ये यायचं होतं, तेव्हा कुणाला सवडच मिळाली नाही. तुझ्या डोक्यात पुस्तक शिरत नाही त्याचं एक कारण मला हेही दिसतं. घरातलं माणूस गेल्यावर महिनाभरात राज्यघटनेची कलमं पाठ होत नाहीत, कुणाचीच होत नाहीत. याला आळस म्हणू नकोस.

आणि आईच्या भीतीवर एक काम तुझ्या हातातलं आहे. आई-आप्पा पंचेचाळीसच्या पुढचे असतील. १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण आपल्या राज्यानं सध्या, मे २०२१ मध्ये, थांबवलंय, पण पंचेचाळीसच्या पुढच्यांचं चालू आहे. गावोगाव लोक घाबरून केंद्रावर जात नाहीत, ‘लस घेतली की ताप येतो, माणूस जातो’ असं पारावर बोललं जातं. तू विज्ञानाची पदवीधर आहेस. दोघांची कोविन या लसीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी तू कर, आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी डोस येणार ते काढ आणि दोघांना सोबत घेऊन जा. एखादा दिवस अंग दुखेल, ताप येईल, हे आधीच सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाहीत. कोविशील्ड असेल तर दुसरा डोस आता १२ ते १६ आठवड्यांनी, ती तारीख कॅलेंडरवर तुझ्या हाताने लिही. ‘आपल्याला काही झालं तर’ ही धास्ती शब्दांनी जात नाही, अशा एखाद्या कामाने थोडी उतरते. शिवाय घरातलं एक मोठं काम पोरीनं अंगावर घेतलं, हे आप्पाही बघतील.

आप्पांचं गणित वेगळं आहे आणि ते मला खोटं वाटत नाही. २१ एप्रिल २०२१ च्या आदेशाप्रमाणे लग्न २५ माणसांत, एकाच ठिकाणी, दोन तासांत. मोडलं तर ५० हजारांचा दंड. ज्या बापाला कर्ज काढून पाचशे माणसांना जेवू घालावं लागलं असतं, त्याला हा नियम सुटकेसारखा वाटतोय. त्यात पेरणी तोंडावर आलीय. डीएपी खताची गोणी यंदा, २०२१ मध्ये, १,९०० रुपयांवर गेली होती, केंद्राने अनुदान वाढवल्यावर १,२०० वर आली, पण तेवढ्या दिवसांत शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठून गेला. एवढ्या सगळ्यात तुझी कॉट, तुझा मेसचा डबा, आणि समोर परीक्षेची तारीखच नाही. आप्पा पोरीचे वैरी नाहीत. पण खर्च वाचतो म्हणून लग्न आत्ताच, ही गोष्ट मला पटत नाही, आणि तुलाही पटू नये. वाचणारा खर्च एका दिवसाचा आहे. कमी माणसांत लग्न करायला सरकारी आदेशच लागतो असंही नाही. ‘पुढे कधीही होईना, माझं लग्न पंचवीस माणसांतच करा, मला चालेल, मीच नातेवाइकांना सांगेन,’ असं त्यांना आजच सांगून टाक. त्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं कारण त्यानं हलकं होईल.

मग स्वतःची बाजू मांड, आणि तारीख घालून मांड. आयोगाची तारीख तुझ्या हातात नाही. ती मे २०२० पासून पुढे पुढेच जातेय. राज्यसेवेची पूर्व १४ मार्चला होती, ११ मार्चला ती पुढे ढकलल्यावर नवी पेठेत शास्त्री रोडवर तुम्ही सगळे उतरलात, तेव्हा कुठे २१ तारखेला झाली. संयुक्तसाठी तेही करता आलं नाही, कारण कोरोना खरोखरच दारात होता. त्यामुळे ‘परीक्षा होईपर्यंत थांबा’ असं आप्पांना म्हणू नकोस. त्यांना ते ‘कधीच नाही’ असं ऐकू येतं. त्याऐवजी म्हण, ‘पुढच्या पाडव्यापर्यंत लग्नाचा विषय नको. पाडव्याला माझा जो काही हिशेब असेल तो मी स्वतः तुमच्यापुढे मांडीन.’ आणि तो शब्द पाळ. कडू वाटेल, पण हेही बोलायलाच हवं की या जाहिरातीत जागा ८०६ आहेत आणि अर्ज करणारे लाखांत. पीएसआयला खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा ३१ आहे म्हणून ३१ पर्यंत करत राहायचं, असं होऊ देऊ नकोस. तुझी तयारी चांगली असेलही, पण पुढच्या वर्षभरात बी.एड. किंवा नोकरी, दुसरी एखादी वाट उघडी ठेव आणि ती कोणती, हेही आप्पांना त्याच बैठकीत सांग.

मुलाबद्दल. तो वाईट आहे असं तू कुठे लिहिलं नाहीस, मीही म्हणत नाही. पण त्याला तू प्रत्यक्ष भेटलेली नाहीस, हे पत्रावरून दिसतंय. जिल्ह्याबाहेर जायला सध्या ई-पास लागतो. निर्बंध उठल्यावर मुलानं घरी यावं, दोघांनी तासभर निवांत बोलावं, तुझ्या परीक्षेबद्दल त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून तुला कळावं. चांगल्या घरचे लोक एवढ्यासाठी थांबतात. दोन महिनेसुद्धा थांबायला तयार नसतील तर ते तुझ्या पीएसआय होण्यासाठी थांबतील का, हा प्रश्न आप्पांपुढे ठेव. आणि एक पक्कं लक्षात ठेव, तू सज्ञान आहेस. तुझ्या मर्जीविरुद्ध कुणालाही तुझं लग्न लावता येत नाही. घरात जबरदस्ती झाली, मारहाण झाली, तर पोलिसांची महिला हेल्पलाइन १०९१. तशी वेळ येणार नाही असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तरी नंबर लिहून ठेव.

‘मी आळशी झालेय का’ हा तुझा पहिला प्रश्न होता. अजिबात नाही. अभ्यासिकेत तुझी एक खुर्ची होती. सातला दार उघडायचं, जागा जाईल म्हणून तू धावत जायचीस. शेजारची मुलगी मान वर न करता वाचत असायची, तिच्याकडे बघून तुझंही पान उलटायचं. बाराला डबा, चारला चहा, आठला परत. कष्ट तुझेच होते, पण कधी काय करायचं हे तुला रोज नव्यानं ठरवावं लागत नव्हतं. घरी खुर्ची नाही, तास नाहीत, आणि तू विद्यार्थिनीही नाहीस. तू घरातली मोठी मुलगी आहेस, भाकरी थापणारे दोन हात. पुण्यातून परतलेल्या मुलांपेक्षा मुलींना हे फार जास्त भोगावं लागतंय. मुलगा घरी आला की ‘अभ्यास करतोय, आवाज करू नका’, मुलगी आली की ‘बरं झालं, आईला मदत झाली’. हे मी गेल्या वर्षापासून पत्रांमागून पत्रांत वाचतेय आणि दर वेळी वाईट वाटतं.

तेव्हा घरातल्या कामाची वाटणी कर. थोडं इकडे थोडं तिकडे असं दिवसभर पुरणारं काम नको. संध्याकाळचा सगळा स्वयंपाक, भांड्यांसकट, तुझा. त्या बदल्यात पहाटेपासून साडेनऊपर्यंत तुला कुणी हाक मारायची नाही. हे आईशी ठरव, मावशीबद्दल बोलून झाल्यावर, त्याआधी नाही. आणि जागा घरात शोधू नकोस. शेतात आखाडा, म्हणजे राखणीची झोपडी, असेल ना? लिंबाखाली बाज टाक. मे महिन्यात बीडला दहानंतर बाहेर बसवत नाही, पण साडेपाच ते साडेनऊ मिळाले तरी चार तास होतात. आप्पा शेतात असतातच, त्यामुळे ‘एकटी कुठे गेली’ हा प्रश्नही येणार नाही. पीएसआयला मैदानी चाचणी आहे, आखाड्यापर्यंत जाताना पळत जा. गोळा नसेल तर सध्या नुसतं पळ. आखाडा लांब असेल तर जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा बघ, विलगीकरणासाठी घेतलेला नसेल तर मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत.

झोपेचं एवढंच कर की झोपायची वेळ धरून बसू नकोस, उठायची धर. रात्री तीनला झोप लागली तरी सव्वापाचला उठायचं आणि लगेच उजेडात जायचं. पहिले तीन-चार दिवस डोळे चुरचुरतील, दुपारी गळून जाशील. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त आडवी होऊ नकोस. आठवड्याभरात रात्री अकराला डोळे मिटायला लागतील. आणि रात्री फोन उशाशी नको, आईच्या खोलीत चार्जिंगला. रात्री दोन वाजता तू त्यावर काय बघतेस ते मला माहीत आहे, कारण सगळेच तेच बघताहेत. स्टेटसला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, एका ग्रुपवर कोरोनाचं रेमडेसिविर इंजेक्शन कुठे मिळेल, दुसऱ्यावर परीक्षेच्या तारखेच्या अफवा. टेलिग्रामवरचे तारखांवर चर्चा करणारे ग्रुप सोडून दे. तारीख जाहीर झाली की आयोगाच्या संकेतस्थळावर येते आणि तासाभरात सगळ्या महाराष्ट्राला कळते, तुला आधी कळून काही फायदा नाही. ‘लॉकडाऊनचं सोनं करा’ सांगणारे व्हिडिओही बंद. ज्यांना स्वतःची खोली, वायफाय आणि वेळेवर ताट मिळतं त्यांनी केलेले ते व्हिडिओ आहेत. ते बघून तू स्वतःला दोष देत बसतेस आणि त्यातच रात्र जाते.

फोनचे तासही भावाशी बसून वाटून घे. सकाळी त्याची शाळा, तेव्हा तू आखाड्यावर कागदी पुस्तकं वाचतेस. तुला चालू घडामोडी आणि टेस्टसाठी संध्याकाळचा एक तास पुरतो. त्या तासाला पारावर रेंजसाठी जाताना भावाला सोबत ने. विचारणा करणाऱ्यांचं तोंड बंद करायचा याहून सोपा उपाय सध्या तरी दिसत नाही. त्याची उजळणीही तिथंच घेता येईल, पोरांची शाळा सव्वा वर्ष जवळजवळ बंदच आहे, बरंच विसरला असेल.

पुण्यातली कॉट सोडून दे. कॉट सोडली की स्वप्न सोडल्यासारखं वाटतं, मला कळतं. पण कुलूपबंद खोलीतल्या रिकाम्या कॉटचं भाडं आप्पांनी पेरणीच्या महिन्यात भरावं, हे बरोबर नाही. नवी पेठ-सदाशिव पेठेत कॉट पुन्हा मिळेल, यंदा तर रिकाम्याच जास्त आहेत. मालकांशी स्वतः बोल, डिपॉझिटमधून या महिन्याचं भाडं वळतं करून घ्यायला सांग आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घे. पुण्यात थांबलेली एखादी रूममेट किंवा मेसवाल्या काकू असतील, त्यांना पुस्तकांचा गठ्ठा बांधून पोस्टानं पाठवायला सांग. पोस्ट चालू आहे, पार्सल उशिरा का होईना पोचतं. तोवर गावातल्या पोरांकडून बालभारतीची पाचवी ते दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं गोळा कर. पाया त्यावरच आहे, आणि सध्या मन लागत नसताना तीच वाचवतील.

राहिली गल्लीतली नववीतली मुलगी. तू म्हणतेस ‘सगळ्यांकडे हेच चाललंय’. तुझं आणि तिचं एक नाही. ती चौदा-पंधराची असेल. अठरा पुरी व्हायच्या आत तिचं लग्न लावणं गुन्हा आहे, २००६ चा कायदा आहे, आणि लावणारे आईबाप, भटजी, हजर राहणारे, सगळे त्यात येतात. तुमच्या गावचे ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लोक जमायची बंदी आहे म्हणून अशी लग्नं यंदा पहाटे, शेतात, चार माणसांत लागतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. तुला पत्ता लागलाय. आधी अंगणवाडीताईंना गाठ, त्यांचं ऐकलं जातं. ग्रामसेवक टाळाटाळ करत असतील किंवा तारीख जवळ आली असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन कर. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, तुझं नाव गुप्त राहतं. मुलीचं वय, गाव, गल्ली आणि लग्नाची तारीख एवढं सांगता आलं की झालं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मिळाली तर उत्तम, ती तिच्या वर्गशिक्षकांकडे असते. आईच्या लसीच्या नोंदणीपेक्षाही हे काम आधी कर, मृग जवळ आलाय.

तुझी,
ताई